पेंटरबाईंचं एकमेव प्रदर्शन

पेंटरबाई पाटी लिहायला बसल्या की आधी अक्षर लिहीत नसत, आधी वरची रेघ ओढत. फुटपट्टी न लावता, श्वास रोखून, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. मग ब्रश फडक्याला पुसून त्या रेघेकडे जरा वेळ बघत आणि म्हणत, "आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे." त्यानंतर एकेक अक्षर त्या दोरीला लटकत जाई आणि शेवटचं अक्षर बरोबर कडेला दोन बोटं जागा सोडून संपे. मला शाळेत उलटं शिकवलं होतं, आधी अक्षरं आणि मग डोक्यावरची रेघ. तसं मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "शाळेतली पाटी पुसता येते. ऑइल पेंट पुसता येत नाही."

अंबरनाथला आमच्या बैठ्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. खरा पेंटर त्यांचा नवरा. दुकानांच्या पाट्या, जयंतीच्या मिरवणुकीचे फलक, भिंतीवरच्या जाहिराती असं सगळं तो करायचा. पुढे त्याचा हात थरथरायला लागला. तो खडूने आखून द्यायचा आणि बाई आत रंग भरायच्या. मग त्याला आखणंही जमेना, तेव्हा बाई आखायलाही लागल्या. तो गेला तेव्हा लोकांनी बाईंचं सांत्वन केलं आणि त्यातल्याच दोघांनी अर्धवट राहिलेल्या पाट्या कधी मिळतील ते विचारलं. बाईंनी तेराव्या दिवशी शिडी खांद्यावर घेतली. नऊवारीचा काष्टा मारून शिडीवर चढलेली बाई पाहायला सुरुवातीला गर्दी जमायची. त्या वरून म्हणायच्या, "बघताय तर शिडी तरी धरा."

मी तेव्हा एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. माझं लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. बाई चौथी शिकलेल्या, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं खातं त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. संध्याकाळी मी कामावरून आले की त्या कागद पुढे धरायच्या. "सुनंदा, बघ गं. चूक मालकाची असते, पण हसं माझ्या अक्षराचं होतं."

गिऱ्हाइकाला त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. "खरं लिहू का सुंदर?" लोकांना वाटे, बाई अक्षराच्या वळणाबद्दल विचारतायत. बहुतेक जण सुंदर म्हणत. हा प्रश्न नीट कळलेला एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे उल्हासनगरचा एक सिंधी कापडवाला, ज्याला आम्ही नुसतं सेठ म्हणायचो. त्याला 'पक्का रंग' अशी पाटी हवी होती. बाईंनी विचारल्यावर तो मनापासून हसला. "सुंदर लिखो बाई. सच्चा क्या है, वो ग्राहक घर जाके धोएगा तब मालूम पड़ेगा." त्या दिवसापासून त्या दोघांचं चांगलं जमलं. त्याच्याकडची उरलीसुरली कापडं तो बाईंना देई आणि बाई त्यांच्या बाहुल्या शिवत. कारण बाईंचा हात नुसत्या ब्रशावर थांबणारा नव्हता. त्या शिवत, मातीच्या मूर्ती करत, कागदाच्या लगद्याचे मुखवटे करत आणि कुणाचाही आवाज हुबेहूब काढत. चाळीतल्या बारशाला त्यांनी एकदा रॉकेलच्या दुकानदाराचा आवाज काढला, तर पलीकडच्या खोलीतली बाई डबा घेऊन धावत आली होती.

निवडणुका आल्या की बाईंना जेवायला फुरसत नसे. सगळे पक्ष त्यांच्याकडेच येत. सकाळी एकाचं चिन्ह काढायचं, दुपारी दुसऱ्याचं. एका कार्यकर्त्याने विचारलं होतं, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या?" बाई म्हणाल्या, "मी भिंतीची. ती कुणालाही नाही म्हणत नाही." आमच्या वॉर्डातून दर वेळी निवडून येत ते भाऊसाहेब. धिप्पाड, मिठ्ठास बोलणारे, आणि मे महिन्यातही डोक्यावर तपकिरी लोकरी टोपी. लग्न असो की मयत, भाऊसाहेब हजर. आमच्या चाळीत त्यांनी काय केलं, असं कुणी विचारलं तर पटकन सांगता आलं नसतं. पण ते आले नव्हते, असं कुणालाच म्हणता आलं नसतं. बाईंच्या जावयाला आनंदनगरच्या एका कारखान्यात कंत्राटी काम मिळालं होतं, तेही भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवर. मुलगी मंगल बदलापूर गावात राहायची आणि आईकडे आली की आधी भाऊसाहेबांच्या तब्येतीची चौकशी करायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. चाळीच्या नळाला पहाटे तीनला पाणी यायचं आणि सव्वातीनला जायचं. त्याच नळामागच्या भिंतीवर लिहायचा मजकूर भाऊसाहेबांच्या माणसाने बाईंना आणून दिला. 'भाऊसाहेबांच्या अथक प्रयत्नांतून वस्तीला चोवीस तास पाणी.' हा माणूस भाऊसाहेबांची डायरी सांभाळायचा, म्हणून त्याला सगळे सेक्रेटरी म्हणत. बाईंनी रणरणत्या दुपारी ती भिंत लिहिली, हात धुवायला खाली उतरल्या आणि नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला. बाई टर्पेंटाइनने हात पुसून घरी आल्या.

संध्याकाळी मजकुराचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "यात चूक काढ."

मी दोनदा वाचला. "चूक नाही बाई. अगदी शुद्ध आहे."

"'अथक' बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"'प्रयत्नांतून'वरचा अनुस्वार?"

"तोही हवाच."

बाईंनी कागद परत घेऊन उजेडाला धरला. मग म्हणाल्या, "सगळी अक्षरं बरोबर असून वाक्य खोटं कसं काय होतं गं?" कारखान्यात मीही अशीच शुद्ध वाक्यं टाइप करत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खाटेखालच्या ट्रंका बाहेर काढायला सुरुवात केली. वीस वर्षांचं सामान होतं. जुनी बॅनरं, पुढाऱ्यांनी स्वहस्ते लिहून दिलेले मजकूर, नमुन्याला दिलेले फोटो, सरावाला काढलेले चेहरे. चार महिने त्या रोज रात्री जेवण झालं की मांडून बसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "प्रदर्शन भरवायचंय." प्रदर्शन म्हणजे मुंबईला मोठ्या हॉलमध्ये असतं, एवढंच मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मुंबईच्या लोकांना आपला नळ कुठे माहितीय?"

जागा हवी तर वस्तीचं समाजमंदिर, आणि त्याची परवानगी भाऊसाहेबांच्या हातात. अर्ज मी लिहिला. विषय काय लिहू, असं विचारल्यावर बाईंनी सांगितलं, "महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन." मी जरा घुटमळले. "अगं, हातानेच केलंय ना? मग हस्तकलाच की." परवानगी त्याच दिवशी मिळाली. वर निरोपही आला की उद्घाटनाला स्वतः भाऊसाहेब येणार. महिला म्हटल्यावर त्यांना राहवत नसे.

रविवारी सकाळी नारळ फुटला, फीत कापली गेली. भाऊसाहेब, सेक्रेटरी आणि दहा-बारा माणसं आत शिरली. मागोमाग चाळीतल्या सगळ्या बाया. मी दाराशी उभी होते आणि अर्जाची नक्कल पर्समध्ये आहे ना, ते पुन्हा पुन्हा बघत होते.

पहिल्याच टेबलावर लाल मखमली गादीवर एक पितळी नळ ठेवला होता. त्याला हार घातला होता, पुढे उदबत्ती. वर पाटी होती, 'दर्शनाची वेळ पहाटे तीन ते सव्वातीन. भाविकांनी रांगेत यावे.' बाया फिसफिसल्या. मी भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. ते मोठ्याने हसले. "वा बाई. पाण्याचा प्रश्न गंभीरच आहे. मी वरती मांडलाय." आणि त्यांनी नळाला हात जोडले.

पुढे पुठ्ठ्याच्या तीन कोनशिला होत्या. संगमरवरासारख्या अशा रंगवल्या होत्या की एकाने टिचकी मारून खात्री केली. तिन्हींवर एकाच गटाराच्या कामाचा शुभारंभ, तीन वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या हस्ते. गटार मात्र बाईंनी केलं नव्हतं, तिथे जागा मोकळी सोडली होती. तिघांत भाऊसाहेबांचंही नाव होतं, पण त्यांनी दुसरी दोन वाचली आणि खूश झाले. "बघा, हे लोक कसे फसवतात."

कोपऱ्यात टेपरेकॉर्डर होता. त्यात बाईंनी पुरुषी आवाजात एक भाषण भरलं होतं. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, अमुकराव, तमुकराव, बंधूंनो आणि भगिनींनो, असं पंधरा मिनिटं चालायचं आणि शेवटी, "बोलण्यासारखं खूप आहे, परंतु वेळेअभावी थांबतो. जय महाराष्ट्र." भाऊसाहेबांनी शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून ऐकली आणि सवयीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

भिंतीवर एक सदरा टांगला होता. जुन्या बॅनरांच्या कापडाचा. बाहेरून एका पक्षाचा रंग, उलटा करून घातला की दुसऱ्याचा आणि बाह्या दुमडल्या की तिसऱ्याचा. खाली लिहिलं होतं, 'कार्यकर्त्याचा बारमाही सदरा. घालून पाहावा.' सेक्रेटरीने खरंच घातला. सुलटा घातला, उलटा घातला, आरशात बघितलं. "फिटिंग लय भारी आहे बाई."

मला हायसं वाटायला लागलं होतं. बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. चार महिने राबून केलेल्या बोचऱ्या गोष्टी ही माणसं पेढ्यासारख्या खात होती. मग भाऊसाहेब शेवटच्या भिंतीपाशी पोचले.

तिथे त्यांचीच पाच चित्रं एका ओळीत होती. दर निवडणुकीला बॅनरसाठी बाईंनी काढलेला त्यांचा चेहरा. पहिल्यात कपाळावर नुसती चार-पाच केसांची रेघ होती. दुसऱ्यात भांग पडला होता. तिसऱ्यात केस कानावर आले होते. चौथ्यात कोंबडा होता, आणि पाचव्यात अशी दाट, काळीभोर झुलपं की एखाद्या विशीतल्या नटाला हेवा वाटावा. दर वेळी "जरा दाट करा बाई" असं स्वतः भाऊसाहेबांनीच सांगितलं होतं. पाचांवर मिळून एकच पाटी होती. 'वॉर्डाचा विकास.'

भाऊसाहेबांचा हात नकळत लोकरी टोपीकडे गेला. तेवढ्यात नळावर पहिला नंबर लावणाऱ्या सखूमावशी पुढे आल्या. त्यांना नीट दिसत नसे. त्यांनी पाचही चित्रं जवळून पाहिली आणि निरागसपणे विचारलं, "भाऊ, टोपी काढा बघू. आता कितवा विकास चालू आहे?"

मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. सेक्रेटरी सदऱ्यासकट हसत होता. भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, हे उतरवा."

बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही आजवर सुंदर काढायला सांगितलंत, मी सुंदरच काढलं. आज नुसतं ओळीत लावलंय."

"महिलांनी हस्तकला करावी. राजकारणात पडू नये," एवढं बोलून ते निघून गेले. पाणी नाही, गटार नाही, भाषणात काही नाही, हे सगळं त्यांनी हसून सोसलं होतं. केस मात्र त्यांना लागले.

संध्याकाळी समाजमंदिर धोकादायक ठरलं. तशी नोटीस निघाली आणि दारावर पाटी लावायचं ठरलं. एवढ्या घाईत पाटी लिहून देणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माणूस बाईंकडेच आला. बाईंनी त्यालाही विचारलं, खरं लिहू का सुंदर. तो म्हणाला, "काय पण लिवा, मला अंधाराच्या आत ठोकायचंय." बाईंनी 'धोकादायक इमारत, आत प्रवेश करू नये' असं इतकं देखणं लिहिलं की लोक मुद्दाम वाचायला येऊन गेले. पुढच्याच आठवड्यात त्या पाटीखालून आत जाऊन शंभरेक माणसांनी भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला रक्तदान केलं. इमारतीला काही झालं नाही.

प्रदर्शन चाललं सगळं मिळून एक दिवस. दोन दिवसांनी भाऊसाहेबांचे विरोधक बाईंच्या खोलीवर आले, शाल घेऊन. म्हणाले, "बाई, तुमच्या धाडसाला सलाम. ती पाच चित्रं आम्हाला द्या, घरोघर दाखवतो." बाई म्हणाल्या, "तुमचीही आहेत माझ्याकडे. दातांची." त्यांच्या उमेदवाराचे वाकडे पुढचे दात बाई चित्रात दर वेळी सरळ करून द्यायच्या. ते शाल घेऊन परत गेले. सेठ तेवढा उल्हासनगरहून आनंदाने आला. "बाई, वो शर्ट का पचास पीस बना दो. इलेक्शन में एकदम चलेगा." बाईंनी नाही म्हटलं. "विकायला काढला तर फॅशन होईल हो सेठ."

त्या वर्षी एकाही पक्षाचं काम बाईंकडे आलं नाही. ते त्यांनी धरलंच होतं. धरलं नव्हतं ते दुसरंच झालं. महिन्याभरात जावयाला कंत्राटदाराने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मंगल आली, दारातच उभी राहिली. तिला सातवा महिना होता.

"आई, तू लोकांना हसवलंस. माझी चूल विझली."

बाई शब्दाला शब्द देणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. मंगल गेल्यावर मला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, फटका मला बसेल. तेवढी माझी तयारी होती." तो अर्ज माझ्या हातचा होता.

चौथ्या दिवशी बाई स्वतः भाऊसाहेबांकडे गेल्या. मी सोबत होते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, जावयाचं ऐकून हळहळलेसुद्धा. मग म्हणाले, "बघू. तुम्ही परक्या आहात का? चौकात माझं मोठं चित्र लावायचंय. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही." आणि भिंतीकडे बघत ते म्हणाले, "दाट काढा."

बाईंनी काढलं. आठ फुटी चित्र, आठ दिवस खपून. मी त्यांच्या तोंडाकडे बघण्याचं टाळत होते. इतकं मन लावून केलेलं काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं. एकेक केस वेगळा दिसत होता. चित्र चौकात लागलं, जावई सोमवारी कामावर गेला.

आणि मग वस्तीतली माणसं चौकात थांबायला लागली. ज्यांनी पाच पाहिले होते ते म्हणायचे, "सहावा आला." ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना बाकीचे सांगायचे. कामाला जाणाऱ्या बायका वर बघून पदर तोंडाला लावायच्या. रिक्षावाले त्या थांब्याला 'विकास' म्हणायला लागले. आपल्या चित्रापाशी लोक हसतमुखाने उभे राहतात, हे भाऊसाहेबांच्या कानावर गेलं आणि ते प्रेमच आहे अशी त्यांची समजूत झाली. महिन्याभरासाठी लावलेलं चित्र त्यांनी सहा महिने ठेवलं. मी बाईंना विचारलं, "हे तुम्हाला आधीच सुचलं होतं?" त्या म्हणाल्या, "नाही गं. त्या चित्रातून मी खरंच माफी मागितली होती." त्यावर माझा विश्वास बसला. पुढच्या निवडणुकीत भाऊसाहेब जास्त मतांनी निवडून आले, हेही सांगायला हवं. आमची माणसं हसतात आणि मतही देतात.

बाईंनी त्यानंतर कुणाचा चेहरा काढला नाही. थोड्याच वर्षांत त्याची गरजही उरली नाही. कॉम्प्युटरवर छापलेली चकचकीत बॅनरं आली, आणि केस दाट करायला कुणाला शिडीवर चढावं लागेना. मंगलने बदलापूरला खरवईत नव्या इमारतीत खोली घेतली आणि आईला घेऊन गेली. दोघींत पूर्वीसारखं व्हायला वेळ लागला. नातवाने ते जुळवून आणलं. मंगलला मुलगा झाला होता, आणि तो आजीच्या मांडीवरून उतरायला तयार नसे.

दोन वर्षांनी मीही कारखान्याचं कर्ज काढून खरवईतच एक लहानसा फ्लॅट घेतला. तोवर बाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तरी आसपासच्या इमारतींतल्या दारांवरच्या पाट्या लोक त्यांच्याकडूनच लिहून घेत. माझ्या दाराचा विषय निघाला तेव्हा माझा धाकटा भाऊ आला होता. तो म्हणाला, "बाबांचं नाव टाकू. नाहीतर माझं टाक. एकटी बाई राहते हे बाहेरून कळायला नको." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही मान हलवली.

बाईंनी फळी मांडीवर घेतली. "सुनंदा, हप्ता कोण भरतं?"

"मी."

"मग?"

त्यांनी माझं नाव लिहिलं. एवढंच. वर कुणाचं नाही, खाली कुणाचं नाही. डोळा दगा देत होता, हात किंचित हलत होता, पण एक वेलांटी सोडली तर कुठे कळत नाही. भावाने पाटी बघितली आणि स्वतःच हातोडी आणून ठोकून दिली. त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेत गेल्या. मंगलने मला हाक मारली तेव्हा त्यांच्या नखांत निळा रंग होता.

आता मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही दारावर कुणी गॅसवाला, कुणी कुरियरवाला, कुणी मत मागायला आलेला माणूस घंटी वाजवतो आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतो, "घरात कुणी आहे का?" त्याने पाटी वाचेपर्यंत मी दारात उभी राहते.